घरातली जुनी स्पोर्ट्स कार विकायची आहे? सोलापूरहून सारखे येणारे प्रश्न

आजोबांनी घेतलेली एमजी, काकांची ट्रायम्फ, कुणाकडे जॅग्वार, गाडी एकाच घरात राहिली आणि आता चालवणारं कुणी उरलं नाही, अशा घरांमधून मेसेज येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकत्र लिहून काढले. आधी साधे, मग अवघड. एखादं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय. उदाहरणं जास्त करून एमजीची आहेत कारण विचारणाऱ्यांत त्याच जास्त.

१. आमची गाडी व्हिंटेज धरतात की नुसतीच जुनी?

कोण विचारतंय त्यावर आहे. आरटीओसाठी १५ जुलै २०२१ ला केंद्राने मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली ती बघायची. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, म्हणजे चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल केलेला नाही, ती व्हिंटेज. इन्शुरन्सवाले वेगळं धरतात, मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरांच्या नियमावलीत, ३१ डिसेंबर १९४० पर्यंत बनलेली ती व्हिंटेज आणि त्यानंतर १९७० अखेरपर्यंतची क्लासिक. म्हणजे १९५२ ची एमजी टीडी (टीसी, टीडी ही एमजीची जुनी मॉडेलं) आरटीओत व्हिंटेज होऊ शकते पण पॉलिसीवर क्लासिक लिहून येईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

२. विकायचं ठरलंय. आधी मेकॅनिकला बोलवू की जाहिरात देऊ?

दोन्ही नको. आधी घरातल्या सगळ्यांना बसवून विषय काढा आणि मग कागद शोधा, याच क्रमाने. गाडी चालू नसली तरी विकली जाते, कागद अपुरे असले तरी वेळ लागून का होईना मार्ग निघतो, पण घरात एकाचा जरी होकार नसेल तर व्यवहार शेवटच्या सहीला अडतो आणि तोपर्यंत चांगला गिऱ्हाईक निघून गेलेला असतो. पुण्यातली बहीण, अमेरिकेतला चुलतभाऊ, सगळ्यांना आधीच फोन करा आणि होकार मेसेजवर लिहून घ्या. आणि आईला विचारा, वडलांच्या मागे गाडीत तिचा हिस्सा मुलांइतकाच असतो हे पुष्कळ घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही.

३. कुठले कागद शोधायचे? आरसी सोडून बाकी काय उपयोगाचं?

सगळंच उपयोगाचं आहे, आणि एकाच घरातल्या गाडीची खरी किंमत इथेच आहे असं माझं ठाम मत आहे. आरसी बुक (जुनं, हाताने लिहिलेलं, पिवळं पडलेलं असलं तरी), टॅक्सच्या पावत्या, काचेला लावायची ती गोल टॅक्स टोकनं, खरेदीचं बिल, परदेशातून आणली असेल तर कस्टमचे कागद म्हणजे बिल ऑफ एंट्री, जुन्या पॉलिसी, गॅरेजची बिलं, हँडबुक, टूलकिट, जादा किल्ल्या. आणि फोटो. लग्नाच्या अल्बममध्ये, गड्ड्याच्या यात्रेला गेलेल्या फोटोत मागे गाडी उभी असते, नंबरप्लेट दिसत असते, तो फोटो म्हणजे १९६० मध्ये गाडीला कुठला दिवा होता, कुठला रंग होता याचा पुरावा. असा फोटो अल्बममधून उपटून काढू नका, आहे तसाच स्कॅन करा.

माळ्यावरची ट्रंक, देवघराखालचा कप्पा, जुन्या मुनीमजींच्या फायली, सगळं बघा. रद्दी द्यायच्या आधी बघा! जे सापडेल ते वर्षाप्रमाणे लावून फाईल करा. अशी फाईल समोर ठेवली की गिऱ्हाईकाचं बोलणंच बदलतं, कारण मधे कुठे मालक बदलला, कुठे अपघात लपवला ही त्याची शंका तिथेच मिटते.

४. वडील वारले, आरसी त्यांच्याच नावावर आहे. आम्ही डायरेक्ट विकू शकतो का?

नाही. आधी गाडी एका वारसाच्या नावावर करायची आणि मग त्याने विकायची. मृत्यू झाल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असा नियम आहे. बऱ्याच घरांत हे राहून गेलेलं असतं, उशिराचा दंड भरून काम होतं. मृत्यूचा दाखला, आरसी, चालू इन्शुरन्स, पत्त्याचा पुरावा आणि बाकी वारसांचं ना हरकत ॲफिडेव्हिट हे तयार ठेवा.

ॲफिडेव्हिटला स्टॅम्प लागतो का आणि किती, हे करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

५. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा पण नाहीत, वडील पण नाहीत. आता चुलते-आत्या धरून बरेच वारस आहेत. कसं?

प्रश्न ४ सारखंच, फक्त वारसांची साखळी लांब होते. आजोबांचे सगळे वारस, त्यातले जे गेले त्यांचे वारस, अशी वंशावळ कागदावर काढा आणि ज्याच्या नावावर गाडी करायची तो सोडून बाकी सगळ्यांची संमती घ्या. आत्यांना वगळू नका, लग्न होऊन सोलापूर सोडून गेल्या तरी वारस आहेतच. शेतीचं वारस नोंदीचं काम तलाठ्याकडे झालंय म्हणून तो फेरफार आरटीओत चालेल असं पुष्कळांना वाटतं, पण तो जमिनीचा कागद. आरटीओचं समाधान होत नसेल किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी कोर्टाकडून वारस दाखला काढायचा, त्याला काही महिने धरा. गिऱ्हाईक यायच्या आधी हे सुरू करा.

६. आमची गाडी आजोबांच्या नावावर नाहीच, त्यांच्या जुन्या फर्मच्या नावावर आहे. फर्म कधीच बंद झाली. मग मालक कोण?

सोलापूरसारख्या गिरण्यांच्या आणि पेढ्यांच्या गावात हा प्रश्न येणारच, त्या काळी गाडी धंद्याच्या नावावर घ्यायची पद्धतच होती. इथे तीन प्रकार पडतात. मालकी एकट्या माणसाची असेल, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तर दुकानाचं नाव असलं तरी मालक तो माणूसच, मग प्रश्न ४ आणि ५ प्रमाणे जा. भागीदारी असेल तर विसर्जनाचा करार शोधा, त्यात गाडी कुणाच्या वाटणीला गेली ते लिहिलेलं असू शकतं, नसेल तर सगळ्या भागीदारांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या सह्या लागतील. आणि लिमिटेड कंपनी असेल तर जपून. कंपनीची गाडी ही कंपनीचीच, ती इतकी वर्षं तुमच्या वाड्यात उभी आहे म्हणून तुमची होत नाही, आणि कंपनी दिवाळ्यात निघाली असेल तर ऑफिशियल लिक्विडेटरचा, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, संबंध येतो. अशा वेळी वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा घेऊ नका.

७. आरसी हरवलंय, किंवा आहे पण नंबर ऑनलाइन दाखवतच नाही. गाडी बेकायदा झाली का?

नाही झाली. जुनी तीन अक्षरी नंबरची रजिस्टरं हाताने लिहिलेली होती, सगळी कॉम्प्युटरवर चढलेली नाहीत. मूळ आरसी असेल तर आरटीओत अर्ज देऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर, करून घ्यायची, त्यानंतरच पुढचं ऑनलाइन काम होतं. आरसी हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर डुप्लिकेट. गाडी आधी मुंबईला किंवा पुण्याला नोंदली असेल तर जुनं रेकॉर्ड तिथल्या आरटीओत शोधावं लागेल, एमएच १३ वाल्यांकडे, म्हणजे सोलापूर आरटीओकडे, ते असणार नाही. इथे जुन्या टॅक्स पावत्या कामाला येतात, त्यावर नंबर, नाव आणि ऑफिसचा शिक्का तिन्ही असतं (प्रश्न ३).

८. विकायच्या आधी पेंट मारून घेऊ का? गॅरेजवाला म्हणतो चकाचक करून देतो, डबल भाव येईल.

नका मारू. कळकळीने सांगतो, नका मारू. मूळ रंग, मूळ लेदर, मूळ मीटर हे एकदा गेलं की परत येत नाही. नवा पेंट कधीही मारता येतो, जुना परत लावता येत नाही. जाणकार माणूस चकचकीत पेंट बघितला की आधी खाली काय झाकलंय हे शोधतो, आणि फिकट पण मूळ रंगाची गाडी असेल तर तो खूश होतो. सीटचं रेक्झिन करून घेणं, बंपरला नवं क्रोम चढवणं, मीटरवर नवी डायल लावणं, सगळ्याला हेच लागू. जे निघालंय, तुटलंय ते पिशवीत घालून नाव लिहून गाडीबरोबर द्या. जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नका, नुसता तो विकत घ्यायला माणसं वणवण करतात.

९. मग धुवायची पण नाही का? आणि इथल्या उन्हाळ्यात शेडमध्ये ठेवली तर काय काय होतं?

धुवा, पण हलक्या हाताने आणि वायरिंगपासून प्रेशरचं पाणी लांब ठेवून. एक चूक सगळीकडे दिसते, धुळीच्या गाडीवर घरची चादर टाकलेली असते आणि दाखवायची वेळ आली की ती ओढून काढतात. खालच्या धुळीने पेंट घासून निघतो. आधी फुंकर मारून किंवा मऊ ब्रशने धूळ काढा, चादर उचलून काढा.

एप्रिल-मेच्या उन्हात रबर आधी जातं, होजपाइप, दरवाज्याची बीडिंग, टायरच्या बाजूला भेगा. टायरची नक्षी पूर्ण असली तरी भेगा असतील तर त्या टायरवर गाडी रस्त्यावर काढू नका. आणि एमजी टीसी, टीडीवाल्यांनी एक बघाच, या गाड्यांच्या पत्र्याच्या आत ॲश लाकडाचा सांगाडा असतो. दरवाजा बंद करताना खाली झुकतो का, बिजागरीजवळ बोटाने दाबलं की भुगा पडतो का. शेडमध्ये वाळवी असेल तर पत्रा शाबूत दिसतो आणि आतलं लाकूड संपलेलं असतं. असं असेल तर लपवू नका, फोटो काढून गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

१०. बरीच वर्षं उभी आहे. बॅटरी लावून स्टार्ट मारून बघू का?

थेट नको. इंजिन जाम असेल आणि स्टार्टर मारला तर पिस्टन रिंगा तुटू शकतात, तेल खाली उतरलेलं असतं त्यामुळे बेअरिंग कोरडं घासतं. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस राहू द्या, मग गिअर न्यूट्रलला टाकून पुढून हँडलने हळू फिरवा. मोकळं फिरलं तर पुढचा विचार. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, ते चिकट झालेलं असतं, आणि आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी पाइपांना आणि एसयू पंपाच्या (गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या) डायफ्रामला मानवत नाही.

दोन गोष्टी मेकॅनिकला आवर्जून सांगा. एक, या जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, बॅटरी हल्लीच्या गाड्यांसारखी लावली तर उलटी लागते. दुसरं, टीसी आणि टीडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन विचित्र आहे, आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, त्यामुळे साधे पाने बसत नाहीत आणि पाना घसरून डोकी गोल होतात. होटगी रोडवर किंवा एमआयडीसीत हात चांगला असलेले जुने मिस्त्री आहेत, पण त्यांनासुद्धा हे आधी सांगितलेलं बरं. आणि ब्रेक चालत नसतील तर "जरा पुढे-मागे करून बघू" म्हणूनही गाडी हलवू नका.

११. "मॅचिंग नंबर" आहे का विचारतात. ते काय असतं?

कंपनीतून निघताना जो चेसिस नंबर आणि जो इंजिन नंबर जोडीला होता तीच जोडी आजही आहे का, एवढंच. एमजी टीसीचा चेसिस नंबर पुढच्या डाव्या बाजूला चेसिसवरच ठोकलेला असतो आणि पितळी प्लेटवरही असतो. (टीसीचे नंबर ०२५१ पासून सुरू झाले, ॲबिंग्डनच्या कारखान्याचा तो फोन नंबर होता.) पेंटच्या थराखाली नंबर दिसत नसेल तर सॉल्व्हंट लावून मऊ कापडाने पुसा, ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका, नंबर घासलेला दिसला तर आरटीओ इन्स्पेक्टर गाडी अडवून ठेवेल. टी सिरीजच्या (टीसी, टीडी वगैरे) जुन्या नोंदींसाठी एमजी कार क्लबच्या टी रजिस्टरला विचारता येतं, एमजीए आणि एमजीबी असेल तर इंग्लंडच्या गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम फी घेऊन रेकॉर्डवरून सर्टिफिकेट देतं.

१२. आमच्या गाडीचा भाव किती येईल? अंदाजे तरी सांगा.

फोटोवरून आकडा सांगत नाही आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. भाव ठरतो तो क्रमाने मॉडेल, मूळपणा, कागद, लाकूड-चेसिसची अवस्था आणि शेवटी चालू आहे की बंद यावर. मुंबईची व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यासारख्या क्लबमधल्या दोन-तीन वेगवेगळ्या जाणकारांना गाडी दाखवा, ज्यांना ती स्वतः घ्यायची नाही अशांना. परदेशी लिलावातले डॉलरचे आकडे रुपयांत करून घरात वाटून टाकू नका, त्यावरूनच पुढे भांडणं होतात. तो बाजार वेगळा, आणि तिकडे पाठवणं वेगळं (प्रश्न २०).

१३. विकायच्या आधी नव्या नियमाने व्हिंटेज नोंदणी करून घ्यावी का?

याचं उत्तर घरटी बदलतं म्हणून सगळं सांगतो. अर्ज फॉर्म २० वर, बरोबर इन्शुरन्स, जुनं आरसी, बाहेरून आलेली असेल तर बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंतरची नूतनीकरणं ५ हजारांत, पाच-पाच वर्षांची. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही फार मोठी सोय आहे, कारण त्या जुन्या नंबरासाठीच कित्येक जण गाडी घेतात. नव्याने नोंदली तर राज्याच्या कोडनंतर व्हीए येऊन नंबर मिळतो.

दुसरीकडे साध्या नोंदणीचं नूतनीकरण ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर खूप महागलंय, २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीला ८० हजार, इथे बनलेल्या कारला १० हजार, पर्यावरण कर वेगळा. पैसे भरायच्या आधी पोर्टलवरचा त्या दिवसाचा आकडा बघून घ्या.

मग व्हिंटेजच बरं ना? थांबा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. गिऱ्हाईकाला दर रविवारी अक्कलकोटला चक्कर मारायची असेल तर त्याला हे बंधन नको असेल. म्हणून माझा सल्ला, आरसी जिवंत, म्हणजे मुदतीत, असेल तर हात लावू नका, घेणाऱ्याला ठरवू द्या. आरसी मेलेलं असेल आणि गाडी पूर्ण मूळ असेल तर मात्र करून घेतलेलं फायद्याचं.

१४. गिऱ्हाईक शोधायचं कुठे? फोटो टाकल्यावर फसवणारेच जास्त येतात.

क्लब आणि रॅलीवाली माणसं आधी, उघडी जाहिरात शेवटी. फोटोत चेसिस प्लेट, आरसी, घराचा पत्ता दाखवू नका. "मी सैन्यात आहे, न बघता घेतो, क्यूआर कोड स्कॅन करा" असं म्हणणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा, पैसे घ्यायला कोड कधीच स्कॅन करावा लागत नाही. बघायला येणाऱ्याला गाडीजवळ एकटं सोडू नका, पितळी प्लेट आणि बॅज खिशात जाण्याएवढे असतात. टेस्ट ड्राइव्ह द्यायची तर इन्शुरन्स चालू हवा आणि लायसन्स बघून घ्यायचं.

१५. ब्रोकर म्हणतो फॉर्म २९-३० वर (मालकी बदलायचे फॉर्म) कोऱ्या सह्या करून द्या, पैसे लगेच देतो, नाव नंतर चढवतो. द्यावं का?

अजिबात नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधे कितीही हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर. म्हणजे तुम्ही आज विकली, नाव चढलं नाही आणि दोन वर्षांनी कुठेतरी अपघात झाला तर नोटीस तुमच्या घरी. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, तारीख सगळं भरल्यावरच सही करा. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स ठेवा, गाडी देताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी पावती घ्या, आणि नाव चढलंय का हे ऑनलाइन बघेपर्यंत विषय संपला समजू नका.

१६. घेणारा हैदराबादचा आहे. वेगळं काय?

फॉर्म २८ ची एनओसी लागते, ती आपल्या आरटीओकडून, गाडीवर कर्ज किंवा दंड बाकी नाही हे बघून मिळते. परराज्यात विकताना कळवायची मुदत ४५ दिवस. तिकडचा रोड टॅक्स घेणाऱ्याने भरायचा, हे करारात लिहा. गाडी चालवत न्यायचा हट्ट असतो काहींचा, हायवे चांगला आहे म्हणतात, पण जुने टायर आणि ड्रम ब्रेक घेऊन एवढं अंतर नको, फ्लॅटबेडवर पाठवा. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्यायला त्याला सांगा. बाकी प्रश्न १५ प्रमाणेच.

१७. पैसे रोख घेतले तर? आणि टॅक्स लागतो का? सीए म्हणतो कार पर्सनल वस्तू आहे, टॅक्स नाही.

रोख २ लाख किंवा त्याहून जास्त एका व्यवहारात घेताच येत नाही, घेतली तर तेवढाच दंड. आरटीजीएस घ्या, खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्या.

टॅक्सचं सीए बोलतात ते साधारण खरं, वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तूवर कॅपिटल गेन नाही. पण मुंबई हायकोर्टाचा २०२५ चा निकाल त्यांना दाखवा. १९३१ ची फोर्ड टूरर, १९८३ मध्ये २० हजारांना घेतलेली आणि पुढे २१ लाखांना विकलेली, मालक म्हणाला पर्सनल आहे, कोर्टाने विचारलं वापरल्याचा पुरावा कुठाय. वापरता येण्यासारखी होती एवढं पुरत नाही, खरोखर वापरली पाहिजे. म्हणून परत तेच, पेट्रोल-गॅरेजची बिलं, सहलीचे फोटो, घरखर्चाच्या वहीतल्या नोंदी जपा. गाडी फर्मच्या ताळेबंदात असेल (प्रश्न ६) तर हिशोब पूर्ण वेगळा, तिथे पर्सनलचा मुद्दाच येत नाही.

१८. मधल्या काळात वडलांनी इंजिन बदलून दुसऱ्या गाडीचं बसवलं होतं. आता?

त्या काळी पार्ट मिळत नव्हते, गाडी चालती ठेवायला लोकांनी असं केलं, त्यांना दोष देऊ नका. आरसीवर बदललेल्या इंजिनची नोंद आहे का ते आधी बघा. नसेल तर आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळणार नाही आणि ट्रान्सफर अडेल, विकायच्या आधी ते आरटीओत मिटवा. व्हिंटेज नोंदणी अशा गाडीला मिळणं अवघड, नियमातच इंजिनमधला मोठा बदल चालत नाही असं आहे. मूळ इंजिन शेडमध्ये पडलेलं असेल तर ते विकू नका, गंजलेलं का असेना, गाडीबरोबरच द्या.

१९. लग्नाच्या वरातीला भाड्याने देत होतो, त्याचा काही प्रॉब्लेम?

आहे. खासगी नोंदणीच्या गाडीचं भाडं घेता येत नाही आणि व्हिंटेज नोंदणीत तर धंद्याचा वापर सरळ बंद आहे. वर प्रश्न १७ मधला पर्सनल वापराचा मुद्दाही कच्चा होतो. घरच्या, भावकीतल्या लग्नाला फुकट दिली असेल तर काही नाही. भाड्याची जाहिरात अजून ऑनलाइन दिसत असेल तर आधी काढा, आणि घेतलेले पैसे सीएला खरे सांगा.

२०. इंग्लंडचा माणूस चांगले पैसे देतोय, गाडी परत तिकडे पाठवू शकतो का?

आधी गाडी बनल्याचं वर्ष बघा. फार जुन्या मोटारी आणि त्यांचे सुटे भाग देशाबाहेर न्यायला बंधनं आहेत, परवान्याशिवाय बंदरातच अडकतात, आणि १०० वर्षांपुढची वस्तू असेल तर पुरावस्तू कायद्याचाही प्रश्न येतो. डीजीएफटीचं (आयात-निर्यातीचे परवाने देणारं केंद्राचं खातं) काम रोज करणाऱ्या कस्टम हाउस एजंटकडून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं "हो जातंय" धरू नका. तोपर्यंत त्या माणसाकडून ॲडव्हान्स घेऊ नका आणि इथल्या गिऱ्हाईकाला नाही म्हणू नका.

२१. सगळे तयार आहेत, एकच भाऊ विकायला नाही म्हणतो. काय करायचं?

त्याला विचारा तू ठेवतोस का. जाणकारांनी सांगितलेला भाव धरून (प्रश्न १२) बाकीच्यांचे हिस्से त्याने द्यावेत, पाहिजे तर हप्त्यांनी, आणि गाडी फॉर्म ३१ ने त्याच्या नावावर करावी. बऱ्याचदा त्याला गाडी जायला नको असते एवढंच असतं, वडलांच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरलेलं असतं, तर त्याचं ऐकून घ्या, घाई करू नका. पण ठेवायची तर शेड, इन्शुरन्स, टायर, मिस्त्री हा खर्च त्याचा हे लिहून घ्या. पैसेही देत नाही आणि सहीही करत नाही असं झालं तर मध्यस्थ म्हणून घरातलं मोठं माणूस, त्यानेही नाही झालं तर कोर्ट. कोर्टात गेली तर निकाल लागेपर्यंत गाडी कोरड्या जागी, चाकं जमिनीपासून उचलून ठेवा आणि किल्ली कुणाकडे राहणार हे सगळ्यांच्या सहीने ठरवा.